सर्जापूर रस्त्यावरचे हिवाळी पाहुणे

डिसेंबरमधल्या रविवारी पहाटे सव्वासहा वाजता सर्जापूर रस्ता ओळखू येत नाही. सोमवार ते शुक्रवार ज्या रस्त्यावर दोन किलोमीटरसाठी पाऊण तास मोजावा लागतो, तो त्या वेळी रिकामा आणि ओलसर असतो. एखादी दुधाची गाडी जाते, इडलीच्या टपरीवर वाफ दिसू लागते. कैकोंडरहळ्ळी तलावाच्या फाटकापाशी आम्ही सात-आठजण जमतो: एक निवृत्त बँक अधिकारी, दोन संगणक अभियंते, एक गृहिणी, नववीत शिकणारी एक मुलगी, कधी तिचे वडील, आणि मी. पक्षीशास्त्राचे औपचारिक शिक्षण आमच्यापैकी कोणाचेच नाही. माझे आयुष्य किडींमध्ये गेले. पक्ष्यांकडे मी वळले ती बरीच उशिरा, आणि खरे सांगायचे तर किडींच्या मागोमागच.

सुमारे ४८ एकरांचा हा तलाव एकेकाळी कचरा आणि सांडपाणी यांनी जवळजवळ संपला होता. २००९ नंतर महानगरपालिका आणि परिसरातील नागरिक यांनी मिळून त्याचे पुनरुज्जीवन केले. बेंगळुरूच्या पर्यावरण-अभ्यासक हरिणी नागेंद्र यांनी या प्रयत्नाविषयी सविस्तर लिहिले आहे. मला त्यातील एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तलाव सुधारताना जुन्या गावातील लोकांचा त्यावरील हक्क पूर्णपणे पुसला गेला नाही. आजूबाजूच्या पशुपालकांनी काठचे गवत कापून नेणे चालू राहिले, मासेमारीही राहिली. त्यामुळे येथे सकाळी चालायला येणारा शहरी माणूस आणि गवताचा भारा बांधणारा माणूस एकमेकांना ओलांडून जातात. असे दृश्य या रस्त्यावर आता दुर्मीळ आहे.

हा तलाव एकटा नाही. कसवनहळ्ळीचे पाणी कैकोंडरहळ्ळीत, तेथून सौल केरेमध्ये, पुढे बेळ्ळंदूर आणि वर्तूर या मोठ्या तलावांत जाते. ‘केरे’ म्हणजे तलाव. उतारावर एकाखाली एक बांध घालून अडवलेले हे पाणी नाचणी आणि भात यांसाठी होते. एकाचा सांडवा वाहिला की दुसरा भरे. शेती गेली, तलाव राहिले, आणि तलावांना जोडणाऱ्या ओढ्यांतून पावसाच्या पाण्याऐवजी बारमाही सांडपाणी वाहू लागले. बेळ्ळंदूरच्या पृष्ठभागावर फेस साचल्याची आणि तलावाला आग लागल्याची छायाचित्रे २०१५ पासून देशभर पोहोचली. जानेवारी २०१८ मधील आग विझवण्यासाठी लष्कराचे जवान उतरले होते. वर्तूरमधून बाहेर पडणारे हे पाणी दक्षिण पिनाकिनी नदीला मिळते आणि तमिळनाडूत होसूरजवळच्या केळवरपल्ली धरणात साठते. तेथील शेतकरी त्यावर सिंचन करतात. म्हणजे शहराने शेतीचे तलाव घेतले आणि शेतीला परत दिले ते हे पाणी.

पण मी पक्ष्यांविषयी लिहायला बसले आहे.

फाटकातून आत शिरल्यावर पहिला आवाज वारकऱ्यांचा असतो. काळा देह, कपाळावर पांढरा टिळा आणि पाण्यावर एकत्र चाललेली दिंडी. मराठीने या पक्ष्याला दिलेले हे नाव मी सोबत्यांना सांगितले, तेव्हा कन्नडभाषक बँक अधिकारी काही क्षण थांबून मनापासून हसले. त्यानंतर मराठी नावे विचारणे हा आमच्या फेरीचा भागच झाला. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी लाल ठिपका असलेले हळदी-कुंकू बदक, रुंद चोचीने चिखल गाळणारे थापट्या बदक, शेपटीच्या टोकदार पिसांचे तलवार बदक. आमच्या नववीतल्या मैत्रिणीच्या वहीत आता प्रत्येक नावासमोर कन्नड, इंग्रजी आणि मराठी असे तीन रकाने आहेत.

झोळीवाले, म्हणजे ठिपकेदार चोचीचे पेलिकन, येथे वर्षभर कमी-अधिक दिसतात. मंड्या जिल्ह्यातील कोक्करेबेल्लूर या गावी ते आणि चित्रबलाक घरांलगतच्या चिंचेच्या झाडांवर घरटी करतात. ग्रामस्थ त्यांना हुसकावत नाहीत आणि झाडांखाली पडणारी विष्ठा खत म्हणून शेतात नेतात. २००७ मध्ये या परिसराला सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. खताचा हिशेब आणि पक्ष्याविषयीची माया यांत तेथे कोणालाच विसंगती दिसत नाही.

हिवाळ्यातले खरे पाहुणे मात्र आकाराने लहान असतात. काठच्या ओल्या दगडांवर शेपटी हलवत फिरणारा करडा धोबी आणि पिवळा धोबी. रेनट्रीच्या शेंड्यात सतत चिवचिवणारा, दिसता दिसत नसलेला हिरवट वटवट्या. घाणेरीच्या झुडपातून टक्-टक् असा आवाज करणारा ब्लिथचा बोरू वटवट्या. तारेवर एकटा बसलेला तपकिरी खाटीक. आणि या सगळ्यांच्या वर, पाण्यापासून हातभर उंचीवरून सतत ये-जा करणारी माळभिंगरी. या यादीकडे कीटकशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले तर लक्षात येते की यातील प्रत्येकजण प्रामुख्याने कीटकभक्षी आहे. हिमालयात आणि त्यापलीकडे थंडीत किडी मिळेनाशा होतात, म्हणून दहा-वीस ग्रॅम वजनाचा हा जीव हजारो किलोमीटर उडत दख्खनमध्ये येतो. नोव्हेंबरात ईशान्य भारतातून आफ्रिकेकडे जाणारा अमूर ससाणाही आपला द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावर झेपावतो. त्याच सुमारास आपले पिवळे चतुर, म्हणजे पँटाला फ्लॅव्हेसेन्स, मालदीवमार्गे समुद्र ओलांडतात, असे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले. वाटेत हे चतुरच ससाण्यांची शिदोरी होत असावेत, हा त्यांचा तर्क मला फार आवडतो. एका कीटकाच्या स्थलांतरावर एका शिकारी पक्ष्याचे स्थलांतर बेतलेले असणे यापेक्षा आमच्या विषयाचा मोठा सन्मान कोणता असेल?

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येते.

गेल्या जानेवारीत आमच्या निवासी संकुलात अचानक ‘डासांचा’ उपद्रव वाढला. संकुलामागे एक लहान तलाव आहे, त्यात कोठून तरी सांडपाणी मिसळते. दिवेलागणीला जिन्यातील दिव्यांभोवती कीटकांचे ढग जमत, सकाळी भिंतींखाली त्यांचे थर साचत. संकुलाच्या समूहात छायाचित्रे फिरू लागली. डेंग्यूची भीती व्यक्त झाली. तलावाच्या काठावर आठवडाभर रोज संध्याकाळी धूरफवारणी करावी असा ठराव समितीपुढे आला. मला बोलावणे आले ते एका वाक्यासह: “मॅडम, किडे मारण्याचेच तुमचे शास्त्र ना? औषध तेवढे सांगा.”

मी पंधरा दिवस मागून घेतले. जिन्यातील दिव्याखाली पांढरे कापड टांगून नमुने गोळा केले. भिंगाखाली पाहताच शंका मिटली. नराच्या पिसासारख्या शृंगिका, बसताना उचललेले पुढचे पाय, आणि रक्त शोषणारी सोंड नाही. हे डास नव्हतेच. कायरोनोमिड कुळातील या माश्या चावत नाहीत. प्रौढावस्थेत त्या जेमतेम काही दिवस जगतात. त्यांचे आयुष्य जाते ते तळाच्या चिखलात. तेथे त्यांच्या अनेक जातींच्या अळ्या लालभडक असतात, कारण त्यांच्या शरीरद्रवात हिमोग्लोबिन असते आणि त्यामुळे प्राणवायू अत्यल्प असलेल्या गाळातही त्या तग धरतात. ज्या पाण्यात मासे आणि इतर कीटक गुदमरतात तेथे या अळ्यांना स्पर्धक उरत नाही, वर सांडपाण्यातून अन्नद्रव्यांचा अखंड पुरवठा. मग कोश पृष्ठभागावर येतात आणि एकाच संध्याकाळी हजारो माश्या बाहेर पडून उजेडाकडे धावतात.

समितीला मी हे सांगितले. धूरफवारणीने मरतील त्या फक्त त्या क्षणी हवेत असलेल्या माश्या. दुसऱ्या संध्याकाळी चिखलातून नवी तुकडी येईल. पायरेथ्रॉइड गटातील औषधे माशांना अत्यंत विषारी असतात, आणि डासांच्या अळ्या खाणारे मासे व चतुरांची पिल्ले त्याच पाण्यात आहेत. उद्या खरे डास वाढले तर त्यांना आवरणारे आपणच मारलेले असतील. जैविक कीटकनाशक म्हणून बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिसचा पर्याय एकाने सुचवला. त्याचा उपयोग होतो, पण डासांच्या तुलनेत या अळ्यांसाठी मात्रा बरीच जास्त लागते, आणि सांडपाणी थांबले नाही तर तो खर्च दर हिवाळ्यात करावा लागेल. स्वस्त उपाय एकच होता: तलावाच्या बाजूचे पांढरे दिवे संध्याकाळी काही तास बंद ठेवणे आणि आवश्यक तेथे मंद पिवळे दिवे लावणे.

आणि मग मी त्यांना गच्चीवर नेले. सूर्य मावळायला अर्धा तास होता. पाण्यावर माळभिंगऱ्यांचा थवा फिरत होता. एकेक पक्षी वळण घेताना मध्येच किंचित उसळे, तोच घास. त्यांच्याबरोबर लालबुडी भिंगऱ्या होत्या, तारेवरून झेप घेणारे वेडे राघू होते. समितीचे अध्यक्ष बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “म्हणजे हे पक्षीच यांचा बंदोबस्त करतील?”

येथे ‘हो’ म्हणणे सोपे होते. ठराव तेथल्या तेथे निकालात निघाला असता. पण ते खरे नव्हते. भिंगऱ्या माश्या खातात हे खरे. त्यामुळे तलावातील माश्यांची संख्या आटोक्यात येते असे म्हणायला माझ्याकडे कोणताही आधार नव्हता. चिखलात अन्न आहे तोवर माश्या येतच राहणार. मी त्यांना इतकेच म्हणाले की पक्षी बंदोबस्ताला आलेले नाहीत, जेवायला आले आहेत, आणि आपण त्या जेवणात विष कालवण्याच्या बेतात आहोत. दिवे बंद ठेवण्याचा ठराव एका मताने संमत झाला. धूरफवारणी ‘तूर्त’ पुढे ढकलली गेली. इतिवृत्तात ‘तूर्त’ हा शब्द मुद्दाम घातला आहे.

पक्षी शेतीचे मित्र की शत्रू, हा प्रश्न आमच्या शास्त्राला नवा नाही. ब्रिटिश काळातील शाही कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय आणि सी. डब्ल्यू. मेसन यांनी बिहारमधील पुसा येथे पक्ष्यांच्या जठरांतील अन्न तपासून भारतीय पक्ष्यांच्या आहारावर १९१२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणता पक्षी किती उपद्रवी किडी खातो, किती उपयुक्त किडी खातो, किती धान्य खातो, असा तो हिशेब होता. त्यानंतरच्या शंभर वर्षांत आपण किडींच्या रासायनिक नियंत्रणावर जितके लिहिले, त्याच्या शतांशानेही या हिशेबात भर घातली नाही, असे मला वाटते. पक्ष्यांचा विषय प्राणिशास्त्राकडे, किडींचा आमच्याकडे, आणि दोघे शेतात भेटतात हे दोघांच्याही अभ्यासक्रमाबाहेर!

भोरडीचेच पाहा. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीवर उतरणारा हा गुलाबी-काळ्या मैनांचा थवा महाराष्ट्रात शिव्याशापांचा धनी आहे. माळ्यावर उभे राहून गोफण फिरवण्याची पाळी लहानपणी माझ्यावरही आली आहे. हीच भोरडी उन्हाळ्यात मध्य आशियात घरटी करते तेव्हा तिचा मुख्य आहार टोळ आणि नाकतोडे असतो. चीनच्या शिंजियांग प्रांतात तिला घरटी करता यावीत म्हणून १९८०च्या दशकापासून कुरणांवर दगडांचे ढीग रचून दिले जातात. एकाच पक्ष्यासाठी एक देश घर बांधतो आणि दुसरा देश गोफण भिरकावतो, आणि आपापल्या जागी दोघेही बरोबर आहेत. राखणीची गरज मी नाकारत नाही. ज्वारी उत्पादकाला ‘पक्षी वाचवा’ असे फुकटात सांगणे मला जमत नाही.

हरभऱ्याची गोष्ट वेगळी आहे. घाटेअळीसाठी, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरासाठी, एकात्मिक व्यवस्थापनाच्या आपल्या प्रत्येक पत्रकात ‘एकरी २० पक्षीथांबे उभारावेत’ हे वाक्य असते. मी स्वतः ते कित्येकदा लिहिले आहे. काही वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातील एका शिवारात एका वयस्कर शेतकऱ्याने मला बांधावर थांबवून विचारले, “ताई, थांबे लावले. बसायला पाखरू कुठून आणू?” मी आजूबाजूला पाहिले. बांधावरची बाभूळ, बोर, निंब सगळे तोडून बांध सरळ केलेले होते. ओढा नांगरटीत गेला होता. कोतवाल, साळुंकी, वेडा राघू दिवसा शेतात येतात, पण त्यांना रात्री टेकायला झाड आणि दुपारी प्यायला पाणी लागते. आमच्या पत्रकात त्याविषयी एक ओळही नव्हती. त्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही, आणि पत्रकातील वाक्यही पुढच्या वर्षी तसेच छापले गेले.

माझ्या वडिलांच्या शेतात फवारणीनंतर बांधावर मरून पडलेल्या दोन साळुंक्या मला आठवतात. तेव्हा मी त्यांचा संबंध औषधाशी जोडला नव्हता. पुढे विद्यार्थिदशेत अर्जेंटिनाची घटना वाचली. उत्तर अमेरिकेतील स्वेन्सन ससाणे त्यांच्या हिवाळ्यात अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांत जातात आणि नाकतोडे खाऊन राहतात. १९९५-९६च्या हंगामात नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारले गेले आणि हे ससाणे हजारोंच्या संख्येने शेतांत मरून पडले. नाकतोडे मारण्याच्या प्रयत्नात नाकतोडे खाणारेच संपले. तो लेख वाचल्यावर मला आमचा बांध आठवला.

आमच्या गटाची एक सहल दर जानेवारीत नंदी हिल्सला असते. १४७८ मीटर उंचीच्या त्या डोंगरावर धुके आणि पर्यटक या दोघांच्याही आधी पोहोचावे लागते. खडकाळ उतारावरच्या झुडपांत पिवळ्या गळ्याचा बुलबुल दिसतो. दख्खनच्या अशा खडकाळ टेकड्या सोडल्या तर तो जगात कोठेही नाही. वरच्या जुन्या झाडीत निलगिरी रानपारवा आणि हिमालयातून आलेला निळ्या डोक्याचा कस्तूर भेटतो. परतताना मी सोबत्यांना आठवण करून देते की दक्षिण पिनाकिनी याच डोंगररांगेत उगम पावते. आपल्या तलावांचे पाणी खाली जिला मिळते तीच ही नदी.

डोंगर आणि पाणथळ एका दिवसात पाहण्याची ही रीत जगात इतरत्रही आहे. आग्नेय स्पेनमधील पक्षीनिरीक्षक हिवाळ्यात सकाळी डोंगरात आणि दुपारी पाणथळींवर जातात. थंडीत तेथील कड्यांवरच्या भिंगऱ्याही किडी टिपण्यासाठी खाली पाणथळींवर उतरतात. एल्चे शहराजवळचे एल होंदो हे तेथील प्रसिद्ध पक्षीतीर्थ मुळात शेतकऱ्यांसाठी बांधलेल्या सिंचन-तलावांचे आहे. दुर्मीळ संगमरवरी बदक तेथे आश्रयाला आहे. आपले नांदूर मधमेश्वर तरी वेगळे काय? निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ सिंचनासाठी बांधलेला बंधारा, त्यामागे साचलेला गाळ, त्यात वाढलेले पाणगवत, आणि त्यावर महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ. शेतीसाठी अडवलेल्या पाण्याने शेतीबाहेरच्या कितीतरी जिवांना आसरा दिला आहे. सर्जापूर रस्त्यावरचे तलाव त्याच कुळातले, फक्त त्यांच्या नशिबी शहर आले.

आमच्या नोंदी साध्या असतात: तारीख, वेळ, जात, संख्या. त्या आम्ही ईबर्डवर भरतो. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून चालू असलेली. फेब्रुवारीत जगभरची परसातील पक्षीगणना असते. अशा हौशी नोंदी एकत्र करून २०२३ मध्ये भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटत आहेत. शिकारी पक्षी, स्थलांतर करणारे किनारपक्षी आणि बदके यांची घसरण विशेष आहे. कीटकभक्षी पक्षीही त्यात आहेत, आणि कीटकांची अशी देशव्यापी मोजणी आपल्याकडे नसल्यामुळे त्या घसरणीत कीटकांच्या घटीचा वाटा किती, हे कोणी सांगू शकत नाही. ही उणीव पक्षीनिरीक्षकांची नाही, आमची आहे. आपल्या संस्थेच्या प्रक्षेत्रांवर प्रकाशसापळे आहेतच. त्या नोंदींशेजारी त्याच सकाळी दिसलेल्या पक्ष्यांचा एक रकाना ठेवायला वेगळा निधी लागणार नाही. हरभऱ्याच्या चाचणी प्रक्षेत्रांत थांब्यांवर प्रत्यक्ष कोणता पक्षी किती वेळ बसतो आणि जवळचे झाड किती अंतरावर आहे, एवढे जरी दोन हंगाम टिपले, तरी त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला सुरुवात होईल. तसा प्रस्ताव मी या महिन्यात विभागाकडे दिला आहे.

संकुलामागच्या तलावात सांडपाणी अजून येते. या वर्षी माश्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच दिसू लागल्या आणि समूहात पुन्हा छायाचित्रे आली. ‘तूर्त’ संपले का, अशी विचारणा एकाने केली आहे. येत्या रविवारी बैठक आहे. या खेपेला नाल्याच्या मुखाशी घेतलेले पाण्याचे नमुने आणि त्यांचा तपासणी अहवाल मी बरोबर नेणार आहे. दिवे मात्र कोणी सांगण्यापूर्वीच पहारेकऱ्याने बंद करायला सुरुवात केली. त्याला आता भिंगऱ्या ओळखता येतात.

नववीतली आमची मैत्रीणही बैठकीला येणार म्हणते. तिच्या वहीत यंदाची पहिली माळभिंगरी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नोंदलेली आहे, संध्याकाळी पावणेसहा, ढगाळ हवा, एकच पक्षी. मी त्या दिवशी दौऱ्यावर होते.